वाचनालयात 'मराठवाड्यात ऊस बंद करावा का' यावर चर्चा ठेवायचीय, भांडण न होता कशी घ्यावी?

वाचनालयवाला

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला आमचं छोटं वाचनालय आहे, वर दोन खोल्या खाली सायकलचं दुकान. दरवर्षी दिवाळी अंकांचं प्रदर्शन लावतो, यंदा पोरं म्हणली नुसतं प्रदर्शन नको एखादी चर्चा ठेवा, म्हणून दिवाळीनंतरच्या रविवारी संध्याकाळी सहाला 'मराठवाड्यात ऊस बंद करावा का' असा विषय काढला. फलक लावला अन् दुसऱ्या दिवशीपासून फोन सुरू. एक म्हणतो कारखान्याच्या विरोधात कार्यक्रम घ्यायलात का, दुसरा म्हणतो कारखान्यानंच पैसे दिलेत का.

भीती खरी आहे. मागं एकदा कर्जमाफीवर चर्चा ठेवली होती. दीड लाखाची २०१७ ची चांगली का दोन लाखाची २०१९ ची चांगली असा सरळ विषय, पण दहाव्या मिनिटाला गाडी पक्षावर गेली, विसाव्या मिनिटाला जातीवर अन् त्याच्यानंतर कुणाच्या तरी आज्यानं कुणाचा बांध कोरला होता तिथं. दोन जुने वाचक तेव्हापासून पेपर वाचायला येत नाहीत. एक तर माझा सख्खा साडू.

तर सांगा, असल्या विषयावर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका खोलीत बसवायची कशी? नियम काय ठेवावेत? का ठेवूच नये?

निवृत्त_मास्तर

ठेवा, जरूर ठेवा. पण तुमच्या प्रश्नातच भांडण आहे. 'बंद करावा का' म्हणलं की माणूस उत्तर आधी देतो, हो का नाही, अन् मग उरलेला वेळ ते उत्तर राखायला घालवतो. विषय असा करा, कालव्याच्या अन् बोअरच्या पाण्यावर ऊस किती असावा आणि ते ठरवायचं कुणी. मग प्रत्येकाला थोडं सरकायला जागा राहते.

दुसरं म्हणजे आपल्याकडं जुनी पद्धत आहे, पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही मांडायचं, अन् तेही असं की त्यानं मान हलवून म्हणावं, हां, माझं म्हणणं हेच आहे. तोवर स्वतःचं बोलायचं नाही. मी नववीच्या वर्गात हे तीस वर्षं केलं. पोरं पहिल्यांदा हटकून समोरच्याची टिंगल करायची, 'यांचं म्हणणं असंय की गरीबांनी मरावं', मग मी खाली बसवायचो, परत उभं करायचो. तिसऱ्या वेळेला बरोबर जमायचं, अन् गंमत म्हणजे जमलं की त्याचा स्वतःचा आवाज आपोआप खाली यायचा. मोठ्या माणसांवर चालेल का हे मात्र ठाऊक नाही, मोठी माणसं बेंचवर उभी राहत नाहीत.

लालबिल्ला

आधीच सांगतो बिल्ला लाल आहे म्हणून कम्युनिस्ट समजू नका, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतला जुना माणूस आहे. मास्तर तुमचं 'ठरवायचं कुणी' हेच मला मान्य नाही, ठरवायचं शेतकऱ्यानं, विषय संपला. झोनबंदी होती तेव्हा अमुकच कारखान्याला ऊस घाला म्हणत होते, ती मोडायला आम्ही रस्त्यावर उतरलो. आता दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटर हवाई अंतर पाहिजे म्हणतात, म्हणजे नवा कारखानदार येऊन जास्त भाव देऊ शकत नाही. डिसेंबर २०२३ ला रातोरात उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका म्हणले. आधी सरकारच म्हणालं होतं इथेनॉल करा, लोकांनी कर्ज काढून प्लँट टाकले. कांद्याची निर्यात कधी उघडी कधी बंद. एवढं सगळं करून आता पेरायचं काय तेही सांगणार? मग भावाची हमी पण द्या. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४८९२ होता, आमच्या आडतीवर चार हजारानं द्यायलो होतो अन् ओलावा जास्त म्हणून त्यातूनही कापत होते.

चर्चेला येईन. पण सरकारी बंदीची बाजू मांडा म्हणाल तर ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

सहावी_चारी

माझं शेत कालव्याच्या शेपटाला. सहाव्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या सहाव्या फाट्यावर. नावालाच लाभक्षेत्र, पाणीपट्टीची नोटीस येते पाणी येत नाही. वरच्या तीन चाऱ्यांवर ऊस आहे, कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली की तिथंच मुरते, आमच्याकडं येईस्तोवर चारीत बाभळी वाळून जातात.

लालबिल्ला काका, तुमचं स्वातंत्र्य मला मान्य हाय, पण ते पाण्याच्या वरच्या टोकाला बसून मिळालेलं स्वातंत्र्य आहे. एक हिशेब सांगतो. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर, मग पन्नास वाघिणींची म्हणजे पंचवीस लाख लिटरची. सगळ्या देशात फोटो. त्याच्या आधी मार्चात टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, पाचापेक्षा जास्त माणसं एकत्र आली की गुन्हा. आता मोकाट पाटपाण्यावरच्या उसाला साधारण दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं असं पुस्तकात आहे, एकराला करा, ऐंशी लाख ते एक कोटी लिटर. म्हणजे एका एकराला तीन-चार रेल्वे. पूर्ण पन्नास वाघिणींच्या. एका एकराला! काही पाऊस देतो हे कबूल, पण आपल्याकडं पाऊसच सरासरी सातशेच्या आसपास, बाकीचं कुठून येतं?

अन् हे काय मी काढलेलं नाही. राज्याच्या पाण्यावर नेमलेल्या चितळे आयोगानं १९९९ लाच लिहून ठेवलंय की तुटीच्या खोऱ्यात ऊस नको. पंचवीस वर्षं झाली, अहवाल कपाटात अन् ऊस रानात.

ठिबकभाऊ

आला का रेल्वेचा फोटो. आम्हाला वाटलंच होतं. शहराच्या टाकीत पाणी नव्हतं ते महानगरपालिकेच्या गळक्या पाईपलाईनीमुळं नव्हतं का, धनेगावला मांजरा धरण सलग तीन वर्षं भरलं नाही त्यामुळं नव्हतं का, सगळं खापर उसावर. दुष्काळात ऊस पण वाळलाच की हो, आम्ही गुरांना घातला अन् उरलेला चाऱ्याच्या छावणीला दिला.

मी चार एकर ऊस लावतो, लपवत नाही. का लावतो ते ऐका. सोयाबीन एकरी सात-आठ क्विंटल, चार हजारानं अठ्ठावीस-बत्तीस हजार, खर्च वीस हजार, राहिलं काय? ऊस एकरी पस्तीस-चाळीस टन, तोडणी वाहतूक वजा जाऊन लाखाच्या आसपास येतात, चौदा महिने लागतात मान्य. शिवाय उसाचा भाव कायद्यात आहे. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचाच असा किमान भाव. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० जाहीर झाला, चौदा दिवसांत पैसे नाही दिले तर पंधरा टक्के व्याज, १९६६ चा आदेश आहे. कारखाने वेळेवर देतात असं नाही, पण भांडायला कागद तरी आहे. तुरीला असा कागद आहे का? हरभऱ्याला?

२०२५ च्या सप्टेंबरात काय झालं ते इथं सगळ्यांनी बघितलं. मांजरा, तेरणा, सिंदफणा सगळ्या पात्राबाहेर. माझ्या चुलत्याचं सोयाबीन आठ दिवस पाण्यात, शेंगाला कोंब. काढायला गेलं तर हातात काळं पाणी. त्याच बांधाला माझा ऊस, आडवा झाला, पण जगला. बँकेच्या हप्त्याला तोच आला. मला कुणी पाण्याचा चोर म्हणलं की डोकं फिरतं. मास्तरांचा नियम चांगलाय, आधी माझी ही बाजू सहाव्या चारीनं मांडून दाखवावी.

सहावी_चारी

मांडतो. ठिबकभाऊचं म्हणणं असं की ऊस हा लोभ नाही, विमा आहे. अतिवृष्टीत जगतो, दुष्काळात गुरं खातात, भावाला कायद्याचा कागद आहे, कारखाना दारातून माल नेतो. दुसऱ्या पिकाला यातलं एक पण नाही, तर मग सोडायचा कशाच्या जिवावर. बरोबर?

ठिबकभाऊ

बरोबर. मी पण एवढं नीट नव्हतं मांडलं.

सहावी_चारी

मग आता माझं. २०२३ ला वरच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचं ठरलं तेव्हा नगर-नाशिकवाले कोर्टात गेले, आंदोलनं केली, आमचं पाणी आमचं पाणी. तेव्हा आपण इकडं काय बोलत होतो? समन्यायी वाटप, २००५ चा कायदा, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांच्या खाली साठा असेल तर वरच्यांनी सोडलंच पाहिजे. तुम्ही पण स्टेटस ठेवलं असणार. तेच समन्यायी आपल्या चारीवर आलं की मग काहून नको? तुमच्या दृष्टीनं नगरवाला जसा, माझ्या दृष्टीनं तसे तुम्ही.

ठिबकभाऊ

स्टेटस ठेवलं होतं.

यावर उद्या लिहितो.

कोयत्याचं_पोर

मी बीड जिल्ह्यातला, माय-बाप वीस हंगाम कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेले, आता मी पुण्यात नोकरी करतो. वाचनालयवाले दादा, एक साधी गोष्ट. चर्चा दिवाळीनंतर ठेवायलात. तेव्हा ऊस तोडणारे गावात असतात का? दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली माणसं निघतात, दिवाळीला तर अर्धे तांडे अन् वाड्या रिकाम्या, म्हातारी अन् कुत्री राहतात फक्त. ज्यांच्या जिवावर ऊस कारखान्यात जातो तेच नसताना उसावर चर्चा.

आणि दोन्ही बाजूंना सांगतो, आमचं म्हणणं तुमच्या कुणाच्याच खान्यात बसत नाही. मराठवाड्यातला ऊस बंद झाला तर आम्ही थांबणार नाही, सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकात जाणार, अजून लांब. इथल्याच कारखान्यावर टोळी असली तर माय महिन्यातून एकदा तरी घरी येऊन जायची. म्हणून 'बंद करा' ऐकलं की पोटात गोळा येतो. पण 'ऊस म्हणजे विकास' ऐकलं तरी येतो, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, पैसे नवऱ्याच्या हातात, अन् मी चौथीपर्यंत तीन शाळांत अर्धं-अर्धं वर्ष शिकलो. जानेवारी २०२४ ला तोडणीचा दर ३४ टक्क्यानं वाढवला त्याच्यासाठी किती बैठका झाल्या. आता ऊस तोडायचे हार्वेस्टर, म्हणजे यंत्रं यायलेत, तो विषय तर कुणी काढतच नाही.

उदगीरची_लेक

वरचं सगळं वाचलं. मास्तर, काका, भाऊ, दादा. बाई कुठंय? २०१६ ला रात्री दोनला टँकरच्या पाईपापाशी घागरीचा नंबर लावून कोण बसलं होतं? माझी सासू. माझी नणंद शाळा सोडून. पाण्यावर चर्चा अन् वेळ संध्याकाळी सहा, भाकरीच्या वेळेला. दुपारी तीनला ठेवा, मग बघा किती जणी येतात. आणि पुढच्या खुर्च्या राखून ठेवू नका कुणासाठी.

खुलं_बोला

सगळे ऊस-ऊस करायलेत, खरा प्रश्न टाळायलेत. मराठवाड्यात आज माणसं एकमेकांच्या लग्नाला जाईनात ते उसामुळं नाही, आरक्षणामुळं. अंतरवाली सराटीपासून बघा, मग मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा जीआर, त्याच्यावर ओबीसींचे मोर्चे. आमच्या गावात आडत दुकान बदललं लोकांनी, त्याच्या जातीचा म्हणून. न्हाव्याकडं जायचं बंद केलं. हिंमत असेल तर त्याच्यावर घ्या चर्चा पूर्वपक्ष लावून. उसावर काय, कुणीही गोड बोलेल.

जुना_वसतिगृहकर

खुलं_बोला यांना माझं उत्तर. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला तेव्हा मी औरंगाबादला वसतिगृहात होतो. नंतर काय झालं ते ठाऊक आहे सगळ्यांना, वस्त्या जळाल्या. माझ्या खोलीवर आम्ही तिघं होतो, एक जण नामांतराच्या बाजूचा, दलित, नांदेडकडचा. गावाकडून निरोप आला तसा तो ट्रंक घेऊन रात्रीच्या गाडीनं गेला. शेवटी नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं.

त्या दिवसांत 'दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेऊ' म्हणणारे खूप जण होते, मीही त्यातलाच. आज लाज वाटते ती याची की एका बाजूचं घर जळत होतं अन् दुसऱ्या बाजूचा फक्त अभिमान दुखावला होता, आणि मी दोघांना सारखीच पाच-पाच मिनिटं द्यायला निघालो होतो. म्हणून मास्तरांची पद्धत मला आवडते तरी सगळीकडं लावू नका. जिथं एकाला बोललं की मार पडायची भीती आहे तिथं आधी त्याची भीती घालवा, पूर्वपक्ष नंतर. आरक्षणावर घ्यायला हरकत नाही, पण माईक घेऊन चौकात नाही. आधी चार-चार जण, चहा पीत, फोन बाहेर ठेवून, रेकॉर्डिंग नाही. आजकाल माणूस समोरच्याशी बोलतच नाही, मोबाईलमधल्या आपल्या माणसांशी बोलतो.

लालबिल्ला

वसतिगृहकर, हे मनापासून लिहिलंत. फोन बाहेर ठेवायचं मला पटलं, मागच्या वेळी माझा एकोणीस सेकंदांचा तुकडा कापून गावभर फिरवला होता. तेव्हापासून मी सभेत खोकतो पण बघून.

वाचनालयवाला

मंडळी, झाली चर्चा. वृत्तांत देतो, जरा लांबड आहे.

तारीख बदलली, कोयत्याच्या पोराचं ऐकून दसऱ्याच्या आधीच घेतली, प्रदर्शन वेगळं अन् हे वेगळं. वेळ दुपारी तीन. फलकावर मास्तरांचा विषय. फोन चपलांशेजारी टोपलीत ठेवायला लावले, त्यावरून पहिलं भांडण तिथंच झालं, एक माजी सरपंच फोन देईना, शेवटी खिशात ठेवा पण बंद करून ठेवा म्हणलं. अठ्ठावीस माणसं, त्यातल्या नऊ बायका. तीन वीसला लाईट गेली. माईक बंद पडला तेच बरं झालं, माईक नसला की कुणाला भाषण करता येत नाही, सगळे खुर्च्या ओढून जवळ आले.

पूर्वपक्ष निम्म्या वेळा जमला, निम्म्या वेळा नाही. एका कारखान्याच्या संचालकांना शेपटाच्या शेतकऱ्याची बाजू मांडायला सांगितली तर म्हणाले, 'यांचं म्हणणं की आम्हाला आयतं पाणी पाहिजे.' मागून एक म्हातारी उठली, म्हणाली दादा, तसं नाही, परत सांगा. दोनदा परत सांगायला लावलं तिनं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं की पाणीपट्टी भरून ज्याला दहा वर्षांत तीन पाळ्या मिळाल्या त्याचा राग माझ्यावर असणारच. त्यावर ती म्हणाली, हां, आता बसा.

बंदी कुणालाच नको होती हे मला नवीन. म्हणजे कडक विरोधक पण म्हणले ठिबक सक्तीची करा अन् कालव्याचं पाणी शेपटाकडून सुरू करा, बंदी नको. ऊसवाले म्हणले ठिबक मान्य, पण अनुदान दोन-दोन वर्षं अडकतं त्याचं काय. बोअरवर मात्र सगळे गप्प. २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या खाली शेतीसाठी बोअर घेऊ नका म्हणलंय, म्हणजे दोनशे फूट, अन् वाचनालयात सातशे-आठशे फुटाच्या बोअरचे मालक दोन्ही बाजूंना बसलेले. मास्तरांनी हळूच विचारलं, तुमचं किती फूट? एकमेकांकडं बघून सगळे हसायला लागले. उत्तर कुणी दिलं नाही.

ठराव वगैरे काही नाही. साडू आला होता. चर्चेत एक शब्द बोलला नाही, जाताना कालचा पेपर मागून घेऊन गेला.

उदगीरची_लेक

नऊ जणींतल्या बोलल्या किती?

वाचनालयवाला

चार. त्या म्हातारीला धरून.

ठिबकभाऊ

मी होतो तिथं, दुसऱ्या रांगेत, ओळख दिली नाही. 'उद्या लिहितो' म्हणून गेलो ते आज लिहितो.

सहाव्या चारीचा हिशेब डोक्यातून जाईना म्हणून माझा मीच केला. ठिबकच्या नळ्या (लॅटरल) पाच फुटावर, त्यावर पाणी थेंबणारे ड्रीपर चाळीस सेंटीमीटरवर, तासाला चार लिटरचे. एकराला साधारण साडेसहा हजाराच्या वर ड्रीपर, तासाला साडेसव्वीस हजार लिटर. पावसाचे दिवस सोडून वर्षाला दोनशे वीस दिवस, सरासरी रोज एक तास धरा. अठ्ठावन्न लाख. म्हणजे एकराला सव्वादोन रेल्वे. तुमच्या तीन-चारपेक्षा कमीच आहे, पण मला वाटलं होतं अर्धी पण भरणार नाही. चार एकराच्या नऊ गाड्या होतात. बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग दारात स्टेशनच बांधा.

पुढच्या साली दोन एकरच ठेवतो असं म्हणत नाही, खोटं कशाला बोलू, बँकेचा हप्ता दोन एकरात निघत नाही. पण पाळी शेपटाकडून सोडायच्या अर्जावर सही करतो. अर्ज कोण लिहायलंय?

सहावी_चारी

मी लिहितो. पण पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षाची सही लागेल, अन् त्याचं शेत पहिल्या चारीवर आहे.

लालबिल्ला

अध्यक्ष माझा व्याही आहे. रविवारी जाऊ, दोघं पण या. ठिबकभाऊ, तेवढा रेल्वेचा कागद सोबत आणा.